अण्णांना पार्किन्सन्स आहे, हे गावाला सांगायचं का?

प्रश्न कराडजवळच्या एका गावातला आहे. लिहिणारा मुलगा पुण्यात नोकरीला. वडील ६७ वर्षांचे, गणिताचे निवृत्त शिक्षक, घरात त्यांना अण्णा म्हणतात. दोन वर्षं उजवा हात थरथरत होता. गेल्या दिवाळीनंतर पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून अण्णांनी वाचनालय सोडलं, गुरुवारचं भजन सोडलं. पारावर कुणीतरी ‘मास्तर हल्ली घ्यायला लागले वाटतं’ असं म्हणाल्याचं कानावर आलं. आईचं म्हणणं, धाकटीचं लग्न ठरेपर्यंत घराबाहेर एक शब्द जायला नको. मुलाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. लोकांना सांगावं का? आणि ११ एप्रिलच्या पार्किन्सन्स दिनाला गावच्या वाचनालयात कार्यक्रम घ्यायचा तर कसा?

आधी माझी बाजू. मी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या रुग्णांची फिजिओथेरपिस्ट आहे. चोवीस वर्षं झाली, त्यातली निम्मी लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेण्यात गेली. औषध लिहून देणं माझं काम नाही, ते न्यूरोलॉजिस्टचं. पण गोळीचा अंमल सुरू झाल्यावर माणूस कसा चालतो आणि तो अंमल उतरल्यावर त्याच माणसाचे पाय कसे जमिनीला चिकटतात, हे त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी बघत आले आहे. त्यामुळे उत्तर तिथूनच देते.

सांगा. पण त्याआधी एक गोष्ट. तुमच्या पत्रात आईचं मत आहे, तुमचं आहे, पारावरच्या लोकांचंसुद्धा आहे. अण्णांचं मत कुठेच नाही. आजार त्यांचा, बातमी त्यांची. कुणाला सांगायचं, कधी, कोणत्या शब्दांत, हे पहिल्यांदा त्यांना विचारा. विचारल्यावर लगेच उत्तर आलं नाही तर ‘अण्णा काही बोलतच नाहीत’ असं ठरवून टाकू नका. या आजारात उत्तर तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. मनात दहापर्यंत अंक मोजा, मग पुढचं वाक्य बोला. हे दहा अंक मोजायला मी प्रत्येक घरात शिकवते, आणि सगळ्यात अवघड तेच जातं.

आता आईंची भीती. ती चुकीच्या माहितीवर उभी असली तरी खोटी नाही. स्थळं बघताना लोक काय काय विचारतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांना शांतपणे एवढं सांगा की हा आजार संसर्गाचा नाही आणि बहुतेकांच्या बाबतीत तो वंशपरंपरेने येत नाही. शंभर रुग्णांत दहा-पंधरा जणांच्या घरात आणखी कुणाला तरी तो असतो, एवढंच. साठी ओलांडल्यावर सुरू झालेल्या आजारामुळे मुलांची जोखीम वाढते ती अगदी थोडी. तिशी-चाळिशीतच सुरू झालेला आजार किंवा एकाच घरात अनेकांना झालेला आजार ही वेगळी गोष्ट, तिथे जनुकांचा विचार करावा लागतो. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही. आणि खरं सांगू का, लपवण्याचा हिशोब बसत नाही. बघण्याच्या कार्यक्रमात चहाचा कप उचलताना अण्णांचा हात थरथरणारच, कारण चार लोक बघत असले की थरथर वाढते. मग पाहुणे आपल्या मनाने जे ठरवतील ते पार्किन्सन्सपेक्षा वाईट असेल. दारूचा बोलवा तर उठलाच आहे.

त्या बोलव्याचा राग येणं साहजिक आहे, पण तो कुठून आला हे बघण्यासारखं आहे. कुणी सांगितलं नाही म्हणून लोकांनी दिसलं त्यावरून अंदाज बांधला. अडखळती चाल, पुसट बोलणं, थरथरता हात. एवढ्यावरून गावाला जे एक कारण माहीत होतं ते त्यांनी चिकटवलं. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त तलाठ्यांच्या तोंडाचा गावच्या यात्रेत पोलिसाने वास घेऊन पाहिला होता. त्यानंतर वर्षभर ते घराच्या ओट्याखाली उतरले नाहीत. व्यायाम म्हणाल तर शून्य. त्या वर्षात त्यांचं जेवढं नुकसान झालं तेवढं नंतर पूर्ण भरून काढता आलं नाही, कारण या आजारात न हललेलं शरीर झपाट्याने आखडतं.

आता सांगायचं काय, यावर. लोक हा आजार म्हणजे थरथर असं धरून चालतात. आपलं ‘कंपवात’ हे नावही तेच सुचवतं. पण सुरुवातीला शंभरातल्या तीसेक जणांना थरथर नसतेच. खरा त्रास संथपणाचा आणि ताठरपणाचा. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाचा एक भाग असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचाल सुरू करणं, तिची लय सांभाळणं, न बघता-न ठरवता ती पुरी करणं यासाठी ते लागतं. या पेशी हळूहळू कमी होतात, आणि पहिलं लक्षण दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. मग शर्टाचं बटण लावणं, कूस बदलणं, रस्त्यात कुणी हाक मारली तर वळून बघणं, हे सगळं ठरवून करावं लागतं. जे आपोआप व्हायचं ते प्रत्येक वेळी हाताने ढकलून सुरू करायचं.

चेहऱ्याचंही तसंच. हसणं ही स्नायूंचीच हालचाल आहे. ती मंदावली की माणूस रागावलेला, तुसडा, कशातच रस नसलेला दिसतो. एका घरात सूनबाई दोन वर्षं समजत होत्या की सासऱ्यांना त्यांच्या हातचं जेवण आवडत नाही. त्यांनी पापणी न हलवता जेवावं आणि उठावं. निदान झाल्यावर मी दोघांना समोरासमोर बसवून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ‘मी तर रोज हसतो.’ त्यांना आतून खरंच वाटत होतं की आपण हसतोय.

तिसरी गोष्ट लोकांना सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे सगळ्यात जास्त अन्याय होतो. हा आजार दिवसभर सारखा नसतो. आज अण्णांचं निदान नवं आहे, गोळी दिवसभर पुरत असेल. काही वर्षांनी एकेका गोळीचा अंमल आखूड होत जातो. सकाळी सातला ज्याला धोतर नेसता येत नाही तोच माणूस साडेआठला मळ्यापर्यंत चालत जातो. सपाट जमिनीवर पाय खिळतात आणि जिना मात्र धडाधड चढून जातो, कारण पायरी डोळ्यांना दिसते आणि पाऊल कुठे टाकायचं ते सांगते. बघणारे म्हणतात, नाटक करतोय. सख्खे भाऊ म्हणतात. हे नाटक नाही, गोळीची वेळ आहे, एवढं एक वाक्य गावाला कळलं तरी तुमचा कार्यक्रम झाला असं समजा.

पण कार्यक्रमाची वाट बघू नका. अण्णा हो म्हणाले तर या आठवड्यातच सुरुवात करा, आणि सगळ्या गावापासून नको. त्यांच्या रोजच्या वाटेवर कोण कोण आहे? वाण्याचं दुकान, वाचनालयाचा माणूस, भजनी मंडळातले दोघे-तिघे, बँकेतला कॅशियर, केशकर्तनालय, एसटीचा नेहमीचा कंडक्टर, शेजारची दोन घरं. दहा माणसं होतील. त्यांना साधं सांगायचं: ‘अण्णांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो, हालचाल हळू होते, आवाज बारीक झालाय, चेहऱ्यावर हसू उमटायला वेळ लागतो. डोकं पूर्वीसारखंच चालतंय. घाई करू नका, आणि जे विचारायचं ते त्यांनाच विचारा, बरोबरच्या माणसाला नको.’ शेवटचा भाग विसरू नका. अण्णा समोर उभे असताना दुकानदार तुम्हाला विचारतो, ‘मास्तरांना कोणती तूरडाळ लागते?’ माणूस घरात बसायला लागतो तो अशा प्रश्नांनी.

वाण्याला आणखी एक सांगता येईल. सुट्टे पैसे मोजताना अण्णा अडकले तर नोटा त्यांच्या हातातून ओढून घ्यायच्या नाहीत. गणिताच्या मास्तरांच्या हातातून तर मुळीच नाही.

बँकेचं काम वेगळं करा. या आजारात अक्षर लहान होत जातं. ओळ सुरू होते तेव्हा ठीक असतं, शेवटी मुंगीएवढं होतं. सही जुळत नाही म्हणून धनादेश परत येतो, आणि फळ्यावर आयुष्यभर लिहिलेल्या माणसाला ते फार लागतं. सध्याच्या सहीचा नवा नमुना बँकेत देऊन ठेवा. पुढे गरज पडली तर साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे काढायची सोय आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी आहे, मॅनेजरना विचारा. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देताना पापण्या मिटा म्हणतात. या आजारात पापण्यांची उघडमीट कमी होते, तेव्हा दोनदा-तीनदा करावं लागेल. चिडू नका, हसा.

औषधांबद्दल मी बोलू नये हे खरं, पण जागृती हा तुमचा विषय आहे आणि सगळ्यात कमी जागृती इथेच दिसते. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. प्रत्येक गोष्ट तुमच्या डॉक्टरांशी ताडून घ्या.

मुख्य गोळी लेवोडोपाची (मेंदूत त्याचंच डोपामिन बनतं), कार्बिडोपाबरोबर. ‘ही गोळी पाचच वर्षं चालते, म्हणून जितकी उशिरा घ्याल तितकं बरं’ असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. ते खरं नाही. गोळीची मुदत संपत नाही, आजार पुढे सरकतो. गोळी मागे ठेवून माणसाची चालती-फिरती वर्षं वाया घालवलेली मी पाहिली आहेत. दुसरं म्हणजे वेळ. डाळ, दही, पनीर, अंडं यांतली प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यात एकाच दारातून आत शिरतात, आणि गर्दीत गोळी मागे राहते. म्हणून ती साधारण जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेतात. नुसत्या गोळीने मळमळलं तर बरोबर एखादं बिस्किट चालतं. वरण-भात जेवता जेवता गोळी गिळायची आणि मग ‘दुपारची गोळी लागतच नाही’ म्हणायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. प्रथिनं बंद मात्र करू नका, स्नायू झडतात. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्याही वेगळ्या वेळी घ्यायच्या.

आणि आता अॅसिडिटीची कॅप्सूल. जळजळ होते, पोट फुगतं म्हणून दुकानातून आणलेल्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर बरेचदा लेवोसल्पिराइड असतं. ते मेंदूतल्या डोपामिनलाच अडवतं. चक्कर येते म्हणून दिलेलं सिनारिझिन, अर्धशिशीचं फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, भास होतात म्हणून दिलेलं हॅलोपेरिडॉल, ही सगळी त्याच जातीची. पार्किन्सन्स असलेल्याचा त्रास ती वाढवतात, आणि आजार मुळीच नसलेल्या माणसातही अगदी तसाच आजार उभा करतात. माझ्याकडे चालण्याचा व्यायाम शिकायला आलेल्या एका काकूंच्या पिशवीतली सगळी पाकिटं मी टेबलावर ओतायला लावली, तर त्यात दीड वर्ष चालू असलेली ही कॅप्सूल निघाली. मी त्यांना तशीच डॉक्टरांकडे परत पाठवलं. कॅप्सूल बंद झाली आणि काही महिन्यांत त्या माझ्या मदतीशिवाय देवळात जायला लागल्या. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही, पण पिशवी ओतून बघायला काही लागत नाही. ही नावं एका कार्डावर मराठीत लिहून अण्णांच्या पाकिटात ठेवा आणि गावातल्या औषध दुकानदाराला एक प्रत द्या. तुमच्या जागृतीच्या कार्यक्रमातलं सगळ्यात उपयोगी भाषण कोणतं म्हणाल तर हेच, आणि ते दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत होतं.

गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. जोराचा ताप, कमालीचा ताठरपणा अशी जिवावर बेतणारी अवस्था त्यातून येऊ शकते. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी दवाखान्यात भरती केलं आणि ‘तोंडाने काही द्यायचं नाही’ असं सांगितलं, तर तिथेच विचारा की पार्किन्सन्सच्या गोळीचं काय करायचं. खाजकुयलीच्या बियांबद्दलही कुणी सांगेल. त्यात लेवोडोपा खरंच असतो, म्हणूनच गोळीच्या जोडीला चूर्ण परस्पर सुरू करू नका. मात्रा किती गेली याचा पत्ता लागत नाही. वैद्यांचं चालू असेल तर न्यूरोलॉजिस्टना सांगा. लपवू नका, कुणी रागावलं तरी.

लपवण्यावरून आठवलं. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या पार्किन्सन्सच्याच दुसऱ्या गोळ्यांवर असलेल्या काही जणांना अचानक लॉटरीचा, जुगाराचा, खरेदीचा नाद लागतो, किंवा लैंगिक इच्छा अवास्तव वाढते. आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवलेला माणूस ऑनलाइन रमी खेळून पैसे घालवतो. घरचे लाजेने गप्प बसतात. तो गोळीचा परिणाम असतो, डॉक्टर गोळी बदलतात आणि नाद सुटतो. अण्णांना यातलं काही सुरू असेल तर ही माहिती आईंना आणि अण्णांना दोघांनाही आत्ताच असू द्या.

आता माझं काम, पायांचं. अण्णांचे पाय अजून चिकटत नसतील. पुढे चिकटले तर काय करायचं हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण त्या क्षणी सगळे नेमकी उलटी गोष्ट करतात, म्हणजे ओढतात. वर ज्या तलाठ्यांचं लिहिलं त्यांच्या घरचा प्रसंग. मोरीच्या दारात त्यांचे दोन्ही पाय जमिनीला चिकटले, टाचा उचललेल्या, अंग पुढे झुकलेलं. बायको समोरून दोन्ही हात धरून ओढत होती आणि ‘चला, चला’ म्हणत होती. जितकी ती ओढे तितके ते पुढे कलत आणि पाय जागच्या जागी टपटप करत. मी तिला हात सोडायला सांगितले, त्यांना म्हटलं, थांबा, सरळ उभे राहा, टाच टेकवा. मग वजन एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. मग माझं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवलं आणि म्हटलं, यावरून ओलांडा. ते सहज ओलांडून गेले. बायको माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी मोरीच्या दाराशी आणि पलंगाजवळ लाल चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले, एका पावलाच्या अंतरावर. खर्च किती म्हणाल तर चिकटपट्टीचा.

पट्टा नसेल तिथे ताल चालतो. ‘ज्ञानबा-तुकाराम’ म्हणत पावली घालणारा माणूस अडकत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नवल वाटत नाही. ठेक्याने चालणं मेंदू वेगळ्या वाटेने करून घेतो. म्हणून तुमच्या पत्रातली भजन सोडल्याची ओळ मला थरथरीपेक्षा जास्त लागली. भजनात ठेका आहे, मोठ्याने म्हणणं आहे, माणसं आहेत. आवाज बारीक होत जाणाऱ्या माणसाला मुद्दाम मोठा आवाज काढायचा सराव करून घेतात. अण्णांना तो फुकट मिळत होता. त्यांना टाळ द्या, हात थरथरला तर थरथरू दे, सम चुकणार नाही. बसायला खुर्ची द्या, भारतीय बैठकीतून उठताना त्रास होईल. आणि गोळी लागलेली असेल अशा वेळी जाणं जुळवा.

रोजचा व्यायाम म्हणजे नुसता फेरफटका नाही. मोठी पावलं, हात मुद्दाम हलवून, थोडा दम लागेल इतकं चालणं, आणि वळताना जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा वळसा. चालताना दोन्ही हातांत सामान नको. तेव्हा मागून हाक मारू नका आणि फोनही करू नका. घरातल्या सतरंज्या, पायपुसणी उचलून टाका. उठल्यावर लगेच चालायला लागायचं नाही, काठावर दोन मिनिटं बसायचं, कारण या आजारात उभं राहिल्यावर रक्तदाब घसरू शकतो. आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही पुन्हा तपासून घ्यावी लागते.

आईंबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, पण मुलं सहसा लिहीत नाहीतच. रात्री अण्णांना कूस बदलायला कोण मदत करतं? अण्णा झोपेत ओरडतात, लाथा झाडतात का? हा या आजाराचाच भाग आहे आणि कधीकधी तो निदानाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो. तसं असेल तर आईंनी वेगळ्या खाटेवर झोपावं, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आमच्या वर्तुळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. शब्द गोड आहेत, पण शुभंकराच्या पाठीला औषध कोण लावतं, हा प्रश्न सभेत क्वचितच निघतो. महिन्यातून चार दिवस तुम्ही गावी जाऊन रात्रीची पाळी घ्या आणि आईंना माहेरी पाठवा. तुमच्या सगळ्या प्रश्नांवर हा एक उपाय मला सर्वांत ठोस वाटतो.

तुम्ही पुण्यात आहात ते एका अर्थी बरं. तिथलं पार्किन्सन्स मित्रमंडळ शुभार्थी आणि शुभंकर मिळून चालवतात. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करते. आधी तुम्ही एकटे जाऊन एक सभा बघा, मागे बसा, ऐका. मग अण्णांना न्यायचं की नाही ते ठरवा. पहिल्याच दिवशी पंधरा वर्षं आजार असलेल्या माणसाला बघून काहीजण हादरतात, काहींना धीर येतो. अण्णा यातल्या कुणासारखे ते तुम्हालाच ठाऊक. पार्किन्सन्स २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, हेही लक्षात असू द्या. प्रमाणपत्राची घाई आज नाही, पण अडचण ४० टक्के किंवा त्याहून जास्त झाली की ते काढायला लाजायचं नाही.

उरला कार्यक्रम. ११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस, साल १७५५. लंडनच्या या डॉक्टरांनी १८१७ साली ज्या सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यातले दोघे त्यांना रस्त्यात भेटले होते आणि एकाला त्यांनी फक्त लांबून पाहिलं होतं. म्हणजे हा आजार निम्मा रस्त्यावर ओळखला गेला, चालणाऱ्या माणसाकडे नीट बघून. भाषणात सांगायला ही गोष्ट चांगली आहे, पारावरच्या मंडळींना तर खासच. बघायचंच असेल तर असं बघा म्हणावं.

मोठ्या वक्त्याच्या मागे लागू नका. शहरातून आलेले डॉक्टर पडद्यावर मेंदूचे फोटो दाखवतात आणि मागच्या रांगा झोपतात. आकडे सांगायचे तर मोजके. २०१९ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. आपल्याकडे घरोघर जाऊन मोजल्याचं गाजलेलं उदाहरण मुंबईच्या पारशी वसाहतींमधलं, १९८८ साली छापलेलं. १४,०१० माणसांत ४६ रुग्ण, म्हणजे साधारण तीनशेत एक. तो समाज वयस्क, त्यामुळे तोच भाव सगळीकडे लावता येत नाही, पण तुमच्या पंचक्रोशीत अण्णा एकटे नक्कीच नाहीत. दारू पितो, नाटक करतो, तिरसट झालाय अशा शिक्क्यांखाली दोन-चार जण बसलेले असतील. वास येईनासा झाला, बद्धकोष्ठता झाली म्हणजे पार्किन्सन्स, असं मात्र माइकवरून सांगू नका. ही लक्षणं आधी दिसतात हे खरं, पण हजार इतर कारणांनीही दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं गाव हिंगाची डबी हुंगत बसेल. आणि काही करताना हात थरथरतो पण मांडीवर ठेवला की शांत असतो, अशी घराण्यात चालत आलेली साधी थरथर पुष्कळांना असते. ती वेगळी. पार्किन्सन्सची थरथर बहुधा हात रिकामा असताना येते.

एक तास पुरे. वीस मिनिटं माहिती, तुमच्याच तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरांकडून, आणि त्या नको असलेल्या औषधांची यादी छापून वाटा. वीस मिनिटं सगळ्यांना उभं करून व्यायाम, पट्टे ओलांडणं, ठेक्यावर चालणं. उरलेल्या वेळात ज्यांना हा आजार आहे त्यांनी बोलावं, आणि ते अडखळत असताना मधेच वाक्य पुरं करायचं नाही, ही अट सुरुवातीलाच सांगावी. जगभर या दिवसाला लाल ट्यूलिप लावतात. आपल्याकडे जास्वंद लावा, दारात असतंच.

अण्णांनी बोलावं का? त्यांना विचारा. नको म्हणाले तर नको. पण वाचनालयात फळा असेल तर आदल्या दिवशी कार्यक्रमाची सूचना त्यांच्याकडून लिहून घ्या. उभ्याने, खांद्यातून हात हलवून, मोठं लिहिणं हा आमचा व्यायामच आहे. खडूने आधी चार बोटांच्या अंतरावर दोन आडव्या रेघा मारून द्या आणि अक्षर दोन्ही रेघांना टेकलंच पाहिजे असं सांगा. रेघ असली की अक्षर आक्रसत नाही. ओळ संपेपर्यंत मागे उभे राहा, आणि खडू पडला तर त्यांनाच उचलू द्या.